मसुराएवढी चौकट

सुपर ८ फिल्मची एक चौकट ५.८ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर उंच असते, म्हणजे मसुराच्या दाण्याएवढी. एवढ्याशा जागेत नवरीच्या कपाळावरच्या मुंडावळ्या मावतात, मांडवाच्या खांबाला टेकून उभा असलेला मामा मावतो, त्याच्या चेहऱ्यावरचं हसूही मावतं. पन्नास फुटांच्या एका रिळावर अशा ३६०० चौकटी असतात आणि सेकंदाला १८ या वेगाने त्या ३ मिनिटं २० सेकंदांत संपतात. व्हिडिओ कॅमेरा घराघरांत येण्याआधी ज्या कुटुंबांकडे ‘सिने कॅमेरा’ होता, त्यांच्या लग्न-मुंजी, सहली, बाळांची पहिली पावलं अशा तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत साठलेली आहेत. कोल्हापूरसारख्या सिनेमावेड्या गावातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरही अशा पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्या असणारच. उघडून बघायला मात्र कुणी धजत नाही, कारण प्रोजेक्टर बंद पडलाय, बल्ब मिळत नाही आणि रीळ कुठे तुटेल याचा नेम नाही.

या चौकटी एकेक करून वाचणारं यंत्र आता घरच्या टेबलावर, हौशी माणसाला स्वतःच्या हातांनी बांधता येतं. त्यातला संगणक मोठ्या पाकिटात मावेल एवढा आणि कॅमेरा दोन बोटांत धरता येईल असा. तरीही एका चौकटीत जेवढा तपशील शिल्लक आहे, त्यातला जवळजवळ सगळा तो उचलतो. हे कसं जमतं ते पाहू लागलं की थक्क व्हायला होतं. आणि या विषयाशी कोल्हापूरचं नातं तर शंभर वर्षांहून जुनं आहे.

चित्रपटगृहात आपल्याला हलतं चित्र दिसतं, पण प्रोजेक्टरमध्ये फिल्म सलग धावत नसते. ती थांबत थांबत जाते. एक छोटी नखी फिल्मच्या कडेच्या छिद्रात शिरते, फिल्म बरोबर एक चौकट खाली ओढते आणि बाहेर निघते. क्षणभर फिल्म स्थिर राहते, तेवढ्यात तिच्यातून प्रकाश जातो. पुन्हा ओढायची वेळ आली की फिरतं शटर प्रकाश अडवतं. मिनिटाला हजारेक वेळा ही ओढाताण चालते आणि प्रत्येक वेळी चौकट मिलिमीटरच्या काही शतांशांइतक्या अचूकपणे जागेवर येते. आता याच यंत्रातला दिवा काढून टाका, सगळं काळोखं खोकं करा, भिंगातून प्रकाश बाहेर सोडण्याऐवजी आत घ्या आणि कोरी फिल्म घाला. झाला कॅमेरा. नखी तीच, शटर तेच, थांबणं तेच. ल्युमिएर बंधूंचं सिनेमातोग्राफ हे यंत्र तर एकटंच तिन्ही कामं करायचं : चित्र टिपायचं, टिपलेल्या फिल्मची प्रत काढायची आणि पडद्यावर दाखवायचं. जुलै १८९६ मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पहिले खेळ झाले ते त्याच यंत्रावर.

प्रोजेक्टर आणि कॅमेऱ्याचं हे नातं कोल्हापुरातल्या दोन चित्रकारांनी हातांनी ओळखलं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतभाऊ नाटकांचे पडदे रंगवणारे. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ने १९१३ साली जे वेड लावलं, त्यात हे दोघेही सापडले. आधी ते सिनेमे दाखवू लागले. म्हणजे प्रोजेक्टर रोज हाताखाली होता, तो उघडत-जोडत होते, फिल्म कुठे अडते आणि का अडते हे बोटांना कळत होतं. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता, तेव्हा तो आपणच करायचा असं आनंदरावांनी घेतलं. १९१६ साली ते गेले. काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून ते पुरं केलं आणि १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात तयार झालेला कॅमेरा चालू लागला. तानीबाई कागलकर या गायिकेने दिलेल्या पैशाच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्या कॅमेऱ्याचं स्मारक आजही शहरात खरी कॉर्नरला उभं आहे. पुढे १९२९ साली प्रभात कंपनी काढणाऱ्यांत दामले होते, हे सांगायलाच हवं. यंत्राच्या पोटात हात घालायची त्यांची सवय सगळ्या प्रभातच्या कामी आली.

मला या गोष्टीत सगळ्यात मोठी वाटते ती त्यांची विचार करण्याची पद्धत. जे यंत्र दाखवतं तेच, थोडं फिरवलं की, टिपतं. आजचे घरगुती स्कॅनर बांधणारे नेमका हाच विचार आणखी एक पायरी पुढे नेतात. प्रोजेक्टरमधून कॅमेरा निघाला, तसाच प्रोजेक्टरमधून स्कॅनर निघतो.

सुरुवातीच्या हौशी मंडळींनी केलं ते असं. जुन्या ८ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरमधला शंभर वॅटचा दिवा काढला. एरवी हलत्या फिल्मला तो दिवा चालतो, पण चौकट त्याच्यासमोर थांबून राहिली तर वितळून फुगते. त्याजागी थंड एलईडी बसवला. मूळ मोटर काढून हळू फिरणारी लावली, म्हणजे सेकंदाला १८ ऐवजी एक-दोन चौकटी. शटरची पाती काढून टाकली. आणि जिथे भिंतीकडे तोंड करून भिंग होतं, तिथे जवळून फोटो काढणारं भिंग लावून कॅमेरा बसवला. नखी फिल्म ओढते, थांबते, एक विजेचं बटण दाबलं जातं, फोटो निघतो. ३६०० फोटो ओळीने लावले की चलच्चित्र तयार.

भिंतीवर सिनेमा दाखवून मोबाइलने तो टिपला तर काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. बिघडतं बरंच. प्रोजेक्टरच्या शटरला साधारण तीन पाती असतात, त्यामुळे १८ च्या वेगाला पडद्यावर सेकंदाला ५४ झपके पडतात. मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो. दोघांचा ताल जुळत नाही, म्हणून चित्र सतत उजळतं-मंदावतं. मधोमध प्रखर ठिपका, कडा काळ्या, गडद भागातले चेहरे भिंतीच्या पोतात विरलेले. चौकटीत जे होतं त्याचा अगदी थोडा अंश हाती लागतो.

पण जुना प्रोजेक्टर वापरण्यातही एक धोका आहे, आणि तो भूमितीचा आहे. सुपर ८ मध्ये एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंतचं अंतर ४.२३ मिलिमीटर. फिल्म जुनी झाली की आक्रसते. समजा फक्त एक टक्का आक्रसली, तर प्रत्येक चौकटीमागे मिलिमीटरच्या चार शतांशांचा फरक पडतो. डोळ्याला दिसणारही नाही. पण शंभर चौकटींनंतर तो साठून पूर्ण एका चौकटीएवढा होतो. नखी आणि दातेरी चक्र यांचं माप मात्र नव्या फिल्मचं, ठरलेलं आणि लोखंडी. मग छिद्रांच्या कडा फाटू लागतात. जी फिल्म वाचवायची तीच यंत्र खाऊ लागतं.

यावरचा उपाय फार सुंदर आहे. दातच काढून टाकायचे! नव्या घरगुती स्कॅनरांत दातेरी चक्रही नसतं आणि नखीही नसते. गुळगुळीत रबरी रूळ फिल्मला नुसतं घर्षणाने पुढे नेतो. तो फिरवणारी स्टेपर मोटर ही थ्रीडी प्रिंटरांमुळे स्वस्त झालेली वस्तू आहे. एका फेऱ्याचे ती २०० समान टप्पे करते, आणि तिचं चालक-सर्किट प्रत्येक टप्प्याचे आणखी सोळा भाग करू शकतं. वीस मिलिमीटर व्यासाचा रूळ घेतला तर एका बारीक टप्प्याला फिल्म मिलिमीटरच्या दोन शतांशांइतकी सरकते. एक चौकट म्हणजे असे सुमारे २१६ टप्पे. फिल्म आक्रसली असेल तर २१४ घ्या. यंत्राची त्याला हरकत नाही.

मग चौकट बरोबर जागेवर आली हे ओळखायचं कसं? छिद्रावरून. सुपर ८ मध्ये प्रत्येक चौकटीच्या बाजूला, बरोबर मध्यावर, एक छोटं छिद्र असतं. त्यातून प्रकाश अडथळ्याविना येतो, त्यामुळे फोटोत ते सगळ्यात उजळ, सरळ कडांचं चौकोनी दिसतं. टी-स्कॅन ८ सारख्या खुल्या प्रकल्पांत एक प्रकाशसंवेदक त्या छिद्राची चाहूल घेतो आणि मोटरला थांबायला सांगतो. त्यानंतर उरलेला किंचित फरक संगणक दूर करतो : प्रत्येक फोटोतली छिद्राची कड शोधायची आणि सगळे फोटो त्या कडेवर जुळवायचे. ज्या छिद्राला धरून प्रोजेक्टर फिल्म ओढायचा, ते आता कुणी ओढत नाही, नुसतं बघितलं जातं. प्रत्येक चौकट स्वतःच्या छिद्रावरून मोजली जात असल्याने चूक साठतच नाही. कित्येकदा हे चित्र मूळ प्रोजेक्टरवर दिसायचं त्यापेक्षा स्थिर दिसतं. ज्याने ते चित्रीकरण केलं त्यानेही आपली फिल्म इतकी निश्चल कधी पाहिली नसेल.

आता कॅमेरा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी २०२० साली एक कॅमेरा आला, ५० डॉलरचा. त्याच्या सेन्सरवर ४०५६ गुणिले ३०४० बिंदू, प्रत्येक बिंदू १.५५ मायक्रॉनचा. गुणाकार केला तर सेन्सर सुमारे ६.३ मिलिमीटर रुंद आणि ४.७ मिलिमीटर उंच निघतो. आणि सुपर ८ ची चौकट ५.८ गुणिले ४. दोघांत पन्नास-पंचावन्न वर्षांचं अंतर आहे, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, तरी मापं जवळजवळ एक! म्हणून चित्र मोठंही करायला नको आणि लहानही नको, आहे त्याच आकारात सेन्सरवर पाडायचं. भिंगाच्या गणितात यासाठी भिंगापासून दोन्हीकडे नाभीय अंतराच्या दुप्पट अंतर लागतं. ५० मिलिमीटरचं भिंग असेल तर एका बाजूला दहा सेंटिमीटरवर फिल्म आणि दुसऱ्या बाजूला दहा सेंटिमीटरवर सेन्सर. आणि हे भिंग कुठून आणायचं? फोटो स्टुडिओच्या डार्करूममधल्या एन्लार्जरवरून. सपाट निगेटिव्ह सपाट कागदावर नेण्यासाठीच ती भिंगं घडवलेली असतात, त्यामुळे कडेपर्यंत चित्र रेखीव येतं. डार्करूम बंद झाल्या तशी ती अडगळीत गेली. ती पुन्हा फिल्मच्याच कामाला लागताहेत याचा मला फार आनंद वाटतो.

प्रकाशाकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि खरी करामत तिथेच आहे. एका दिशेने येणारा प्रकाश फिल्मवरच्या प्रत्येक ओरखड्याला सावली देतो. तोच प्रकाश सगळ्या बाजूंनी विखरून आला तर बारीक ओरखडे जवळपास दिसेनासे होतात. त्यासाठी हौशी लोक थ्रीडी प्रिंटरवर पांढऱ्याशुभ्र आतल्या भिंतींचा पोकळ गोळा छापतात. एलईडीचा प्रकाश त्याच्या आत अनेकदा आपटून, दिशा विसरून बाहेर पडतो. दुसरी अडचण गडदपणाची. घरगुती फिल्म बहुधा थेट पडद्यावर दाखवायची पॉझिटिव्ह असायची, तिच्या सावल्या फार दाट असतात. उन्हातला शुभ्र सदरा आणि सोप्यावरच्या अंधारात बसलेली आजी एकाच फोटोत पकडता येत नाहीत. मग प्रत्येक चौकटीचे तीन फोटो घ्यायचे, एक कमी प्रकाशाचा, एक मध्यम, एक भरपूर, आणि ते संगणकात एकजीव करायचे. आजी दिसू लागते. काही जण याहून पुढे जाऊन रंग न ओळखणारा कॅमेरा वापरतात आणि लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी पाळीपाळीने लावून रंग बांधतात.

यात वेळ जातो. चौकटीला दोन सेकंद धरले तर तीन मिनिटांच्या रिळाला दोन तास. साठाही लागतो : कॅमेऱ्याचा कच्चा फोटो सुमारे साडेअठरा मेगाबाइटचा, म्हणजे चौकटीला एकच फोटो घेतला तरी एका रिळाचे सहासष्ट गिगाबाइट. पण यंत्र रात्रभर आपलं आपण चालतं. तुलनेसाठी सांगायचं तर ब्लॅकमॅजिक कंपनीने २०१४ साली सिंटेल हा ३५ आणि १६ मिलिमीटरचा स्कॅनर जाहीर केला, तेव्हा त्याची किंमत ३० हजार डॉलरच्या घरात होती आणि व्यवसायात ती स्वस्तच मानली गेली. मॅथ्यू एप्लर या अमेरिकन तरुणाने किनोग्राफ नावाचा खुला प्रकल्प सुरू केला तो याच दरीवर पूल बांधण्यासाठी. आराखडे सगळ्यांना उघडे, भाग बाजारात मिळणारे, सुधारणा ज्याला सुचेल त्याने करायची. बाजारात तयार मिळणारी छोटी खोकीही आहेत. डबीत काय आहे हे पटकन बघायला ती ठीक, पण ती चित्र इतकं दाबून साठवतात की आकाशाचे चौकोन पडतात. एकदाच स्कॅन होणार असेल तर त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

एकदाच, हा शब्द मी जपून वापरतोय. घरगुती फिल्म बहुतेक वेळा ॲसिटेटच्या पट्टीवर असते आणि ॲसिटेट हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून सावकाश फुटतं. त्यातून ॲसिटिक आम्ल निघतं, म्हणजे व्हिनेगारातलं आम्ल. ते आम्लच पुढची फूट वेगाने घडवतं, म्हणून एकदा वास येऊ लागला की ऱ्हास झपाट्याने वाढतो. अमेरिकेतल्या इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार २१ अंश तापमानाला आणि ५० टक्के आर्द्रतेला ताज्या ॲसिटेट फिल्मला ही अवस्था यायला काही दशकं लागतात. कोल्हापूरचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा आषाढ-श्रावणाचा ओलावा या दोन्ही आकड्यांच्या पुष्कळ वर. १९६५ साली आलेल्या सुपर ८ चं काय, १९३२ पासूनच्या साध्या ८ मिलिमीटरचं काय, हिशेब प्रत्येकाने आपापल्या डबीपुरता करावा. डबी उघडून वास घ्यावा. आंबट वास असेल तर ती डबी आधी. हवाबंद डबी उलट आम्ल कोंडून ठेवते, थोडी हवा खेळती हवी.

जे गेलं ते किती गेलं, हे कोल्हापूरला कुणी सांगायला नको. ‘सैरंध्री’ आज पाहता येत नाही. १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’, ज्यात तरुण व्ही. शांताराम यांनी शेतकरी उभा केला, तोही उरला नाही. जयप्रभा स्टुडिओ गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत होरपळला. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळं जमवली म्हणून ‘संत तुकाराम’सारखे चित्रपट आपण पाहू शकतो. तरीही जानेवारी २००३ मध्ये तिथल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातली कितीतरी रिळं गेली. नायट्रेट पट्टी एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, ती स्वतःचा ऑक्सिजन स्वतः पुरवते. म्हणून एक गोष्ट निक्षून सांगतो : १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची ३५ मिलिमीटरची रिळं कुठे सापडली तर घरगुती यंत्राजवळ नेऊ नयेत. संग्रहालयाला कळवावं. ८ आणि १६ मिलिमीटरच्या हौशी फिल्मच्या बाबतीत ही भीती नाही. कोडॅकने १९२३ साली १६ मिलिमीटर आणली ती घरात आग नको म्हणून सुरुवातीपासून ‘सेफ्टी’ पट्टीवरच.

मोठ्या चित्रपटांना संग्रहालयं आहेत, घरच्या तीन मिनिटांना कुणी नाही. आणि त्या तीन मिनिटांत जे सापडतं ते कुठल्याच चित्रपटात नाही : महाद्वार रोडवर कोणत्या पाट्या होत्या, गुऱ्हाळावर बायका लुगडी कशी नेसायच्या, तालमीतली पोरं कॅमेऱ्यापुढे कशी लाजायची. ते टिपणाऱ्याला इतिहास लिहायचा नव्हता, म्हणून ते खरं आहे. स्कॅन झाल्यावर संगणकाकडून सेकंदाला गुळगुळीत साठ चौकटी करून घेण्याचा, नसलेले रंग भरण्याचा मोह होतो. माझं मत असं की त्याची वेगळी प्रत करायची तर करावी, मूळ चौकटी मात्र जशाच्या तशा, सेकंदाला १६ तर १६, १८ तर १८, किमान दोन ठिकाणी ठेवाव्यात. फिल्मही टाकू नये. दहा वर्षांनी याहून चांगला सेन्सर येईल, तेव्हा ती पुन्हा लागेल.

बांधायला बसणाऱ्याने एक लक्षात घ्यावं. इलेक्ट्रॉनिक भाग टपालाने घरी येतात, प्रोग्रॅम फुकट उतरवता येतो, आणि तरीही पहिलं यंत्र बहुधा अडतं ते गेटवर, म्हणजे फिल्म जिथून सरकते त्या खाचेवर. खाच दोन्ही कडांना आधार देणारी हवी आणि मध्ये चित्राच्या पट्ट्याला कुठेच टेकता कामा नये, नाहीतर प्रत्येक चौकटीवर ओरखडा. प्लॅस्टिकवर छापलेली खाच फिल्म घासून घासून झिजते. पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये ती कापून, पॉलिश करून घेतली तर वर्षानुवर्षं टिकते, आणि असं काम करणारे टर्नर-फिटर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गल्लोगल्ली आहेत. जाताना खराब फिल्मचा एक तुकडा माप म्हणून बरोबर न्यावा. कागदावरच्या आकड्यापेक्षा त्यांना तो हातात धरून जास्त कळतो.